चाळीस वाव पाण्यातलं प्रवाळ

रत्नागिरीत कशाचंही कौतुक करायचं नाही, हे मी पुण्यातच ठरवलं होतं. भाची मुग्धा प्रवाळाच्या जनुकांवर संशोधन करते. नमुन्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला तिला कुणीतरी हवं होतं, आणि निवृत्त मामा फुकट मिळतो.

हॉटेलचं नाव 'प्रवाळ दर्शन'. कसलं डोंबलाचं दर्शन! काचेच्या टाकीत प्लास्टिकचं गुलाबी झाड आणि एक मरगळलेला मासा. सुरमईचं कालवण जेमतेम बरं होतं. भात मी दोनदाच घेतला.

सकाळी जेटीवर गेलो. वास असा की नाक घरी ठेवून यायला हवं होतं. जाळ्यात अडकून आलेलं प्रवाळ खलाशी फेकून देतात, ते मुग्धा मागून घेत होती.

"ह्यो कचरा कशाला गो बाय?" गणपत तांडेलांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) विचारलं.

"काका, समुद्र तापतोय. उथळातलं प्रवाळ पांढरं पडून मरतंय. खोल, गार पाण्यातलं त्याच्याच रक्ताचं असेल, तर त्याची पिल्लं वर येऊन पुन्हा वस्ती करतील. परकं असेल, तर उथळातलं कायमचं गेलं."

"म्हंजे भावकी शोधताय!"

मुग्धा हसली. मी नाही हसलो.

ती तुकडे कापून अल्कोहोलच्या बाटल्यांत टाकायची, मी चिठ्ठीवर पाण्याची खोली लिहायचो. कुणी बोटीवरच्या मशीनचा आकडा सांगे, "तीस मीटर." कुणी म्हणे, "चाळीस वाव." मीटरला हे लोक वाव म्हणतात, हा शोध मी जागच्या जागी लावला. विचारतोय कोण! नुसता आकडा लिहून मोकळा होत होतो. तीन दिवसांत दोन पेट्या भरल्या.

निघायच्या सकाळी मुग्धाने एक बाटली तांडेलांना दाखवली. "काका, हे कालचं तुमचं. चाळीस मीटरवरचं."

"मीटर? नाय वो! चाळीस वाव." त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. "ह्यो एक वाव."

या बोटापासून त्या बोटापर्यंत चांगले सहा फूट. एकक लिहिलं नाही म्हणून जन्मभर पोरांचे अर्धे गुण कापणारा गणिताचा मास्तर मी. गाढव, शुद्ध गाढव!

"मामा, यातले वाव कुठले आणि मीटर कुठले?"

"आठवत नाही गं. कुठलं कुणी दिलं, तेही लिहिलं नाही."

तीस मीटर म्हणजे तिच्या हिशेबी उथळ, तीस वाव म्हणजे खोल. बाटल्यांतली जनुकं भावकी सांगतील, पण वरच्याची की खालच्याची, हे आता कोण सांगणार? उद्यापासून मासेमारीची पावसाळी बंदी होती.

"बंदी उठली की या," तांडेल म्हणाले.

"तोवर उथळातलं किती उरेल, काका?" मुग्धाने विचारलं. तांडेल जाळं आवरायला लागले.

परतीच्या एसटीत मुग्धा एक पेटी मांडीवर घेऊन बसली होती. साखरपा गेलं, आंबा घाट गेला, ती एकेक बाटली काढून माझ्या चिठ्ठ्या वाचत राहिली. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

लोक विचारतात, रत्नागिरी कशी वाटली? माणसं सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल. मुग्धा बंदी उठल्यावर पुन्हा जाणार आहे. या खेपेला चिठ्ठ्या तांडेलांची सून लिहिणार आहे. "मामा, तुला प्रवास झेपत नाही," असं मुग्धा म्हणाली.

मला प्रवास उत्तम झेपतो.