बँकेनं सर्व्हर बदलला तेव्हा

ऑफिसात फायली साचतात त्यापेक्षा जास्त किस्से साचतात. आमच्या सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात तर एका अपग्रेडनंच इतके दिले, की चहाला दुसरा विषय उरला नाही.

अमरावतीत राजापेठेत आमचं हेड ऑफिस. खातेदारांचा हिशोब वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मशीनवर. ते मशीन आणि काउंटरवरचे कॉम्प्युटर यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. त्याचा सपोर्ट संपत आला होता. नवा घ्यायचा, तर कंपनीकडे तीन एडिशन! लहान, मधली, मोठी.

*

लहान एडिशनचं नाव होतं एक्सप्रेस. ही बातमी अकोल्याला पोचली आणि तिथल्या शाखाधिकाऱ्यांचा आमच्या विभागप्रमुख वैशालीताईंना फोन आला.

"मॅडम, आमाले एक्सप्रेसच द्या बरं! आमची शाखा लय स्लो चालून राहिली."

"अहो साहेब, एक्सप्रेस म्हणजे सगळ्यात लहान."

"असं नाव काहून ठेवलं मंग त्यायनं?"

 

*

मग संचालकांची बैठक. पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचे कुलकर्णी समजावत होते, की लायसन्सची किंमत प्रोसेसरच्या कोरवर, म्हणजे त्यातल्या काम करणाऱ्या भागांवर ठरते. आमच्या मशीनमध्ये कोर पुष्कळ, पण चालू थोडेच.

आमचे एक संचालक तायडेकाका, चांदूर बाजारकडचे बागायतदार. ते म्हणाले, "म्हणजे वावर मोठं, पेरा लहान. मंग बियाणं कशाच्या हिशोबानं घ्याचं?"

"पेऱ्याच्या," ताई म्हणाल्या. "पण उद्या पेरा वाढवला तर कंपनीला सांगायचं."

"अन् नाही सांगतलं त?"

कुलकर्णी खोकले. हा प्रश्न बैठकीच्या मिनिट्समध्ये घ्यायचा की नाही, यावर आमच्यात नंतर बरीच चर्चा झाली!

*

गाडी अडली मोठ्या एडिशनवर. तिच्यात अमरावती आणि अकोला, दोन्हीकडची मशीन जोडली जाणार होती. एक बंद पडलं तर दुसरं काम उचलणार. "आजवर एकावर चाललंच ना?" असं एक संचालक म्हणाले. प्रश्न काही चुकीचा नव्हता.

तेव्हा ताईंनी एक प्रसंग सांगितला. मागे एका दुपारी सर्व्हर बसला, म्हणून त्या खाली काउंटरवर गेल्या. तिथे एक म्हातारे भाजीवाले उभे होते. त्यांची बायको दवाखान्यात होती, आणि क्लार्क सांगत होता की सिस्टीम डाउन आहे, खातं दिसत नाही.

बाबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माहे पैसे तुमच्यापाशीच हायेत ना? मंग तुमाले कसे दिसून नाही राहिले?"

"सर्व्हर उठेपर्यंत मी त्यांच्याशेजारी बाकावर बसून होते," ताई म्हणाल्या.

तायडेकाकांनी चष्मा काढला.

"मोठी घ्या," ते म्हणाले.

*

इन्स्टॉलेशन सुरू झालं. कुलकर्णींचा पुण्याहून फोन. तो मी घेतला.

"काय, कुठवर आलं?"

"करून राहिलो सर."

"अजून राहिलंय?"

"राहिलं नाही सर, करून राहिलो!"

"मग झालं की राहिलं?"

शेवटी फोन ताईंनी घेतला.

*

सुट्टीच्या दिवशी चाचण्या झाल्या. पण ताईंचं समाधान होईना. गर्दीत टिकलं तरच खरं, असं त्यांचं म्हणणं. मग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, काउंटर माणसांनी भरलेले असताना अकोल्याचा सर्व्हर काम उचलतो का हे पाहायला अमरावतीचा मुद्दाम बंद करायचं ठरलं. तायडेकाका खास आले.

ताईंनी कमांड टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या. आम्ही कुणी घाई केली नाही. मग दाबलं.

स्क्रीनवर आमच्या बाजूचा सर्व्हर बंद झालेला दिसला. काका जिना उतरून खाली गेले.

काउंटरवर फुलं विकणारी एक बाई पैसे भरत होती. काकांनी तिला विचारलं, "काही झालं का वो बाई?"

ती दचकली. "काय झालं?"

काका तसेच धापा टाकत वर आले. "मॅडम, काहीच नाही झालं!"

ताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायलाच लागल्या.

काका गडबडले. आमच्याकडे पाहू लागले, मग पुन्हा ताईंकडे.

"अवो मॅडम, काहीच नाही झालं म्हणलं मी!"