टाकलेलीचे बांबू

लोक कर चुकवायला काय काय करतात! बैल मेहुण्याच्या गोठ्यात बांधतात, कापूस सासऱ्याच्या माडीवर चढवतात, आणि वसुलीवाला दारात आला की खाटेवर पडून कण्हायला लागतात. आमच्या पंचक्रोशीत कर मागत फिरणारी बाई एकच झाली, ती मी. "माझ्यावर कर लावा हो" म्हणत मी पंचायतीचा उंबरठा झिजवला, आणि कोणी मायेचा पूत तो लावून देईना.

कारण होतं बांबू. पंचायतीचा हैसियत कर म्हणजे घराची ऐपत पाहून वर्षाकाठी बसवायचा तो. ज्याचं नाव त्या यादीत, त्याला सरकारी जंगलातून घरापुरते बांबू आणि खांबांसाठी बल्ल्या मातीमोल दरात मिळत. त्याला निस्तार म्हणत. यादीत नाव नसलेल्याने ठेकेदाराकडे जावं. ठेकेदाराचा भाव ऐकून माझ्या मास्तरकीच्या पगाराला घेरीच आली असती.

आणि बांबू हवे होते कारण घर हवं होतं. मी गावात मुलींची शाळा चालवत होते आणि कडेवरच्या पोरीला घेऊन पाटलाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होते. एक दिवस पाटलाने निरोप दिला, "बाई, पावसाच्या आधी खोली खाली करा जी. कडबा ठेवाचा हाये." कडब्याचा मान मोठा, मी कोण? शाळेमागची पडीक जागा तेवढी पंचायतीने माझ्या पदरात टाकली होती. जागा होती, छप्पर नव्हतं.

आता कोणीही विचारील, नवरा कुठे होता? नवरा पल्याड होता. आमच्या गावाला लागून वर्धा नदी. तेव्हा अल्याड मध्यप्रदेश, पल्याड हैद्राबाद राज्य. निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली, तरी लोक पल्याडला मोगलाईच म्हणायचे, आणि मला मोगलाईत दिलेली. यांची शेती तिकडे, म्हातारी आई तिकडे. माझी नोकरी इकडे, कारण पल्याडच्या शाळेत कालपरवापर्यंत उर्दू चालायची आणि माझ्या सातवी पासाला तिथे कोणी विचारत नव्हतं. हे दर बाजाराला डोंग्यात बसून यायचे, सोबत तुरीची डाळ नाहीतर हरभरा, रात्र राहायचे आणि सकाळी परत. आमचा संसार आठवडी बाजारासारखा होता. पण होता.

पंचायतीचा सेक्रेटरी स्वभावाने भला. डोकं सोडलं तर त्याचं सगळं जागच्या जागी होतं.

"भाऊ, माहं नाव यादीत घाला."

"बाई, कर घरधन्यावर बसते. तुमचा घरधनी कुठी हाये?"

"पल्याड."

"मंग पल्याडच भरा नं."

"घर इथी बांधाचं हाये नं, भाऊ!"

"घरधनी पल्याड, तं घर इथी कसं होईन?"

मी विचारलं, यादीत एकाही बाईचं नाव नाही का? तर म्हणाला, "हाये नं. विधवा बाया हायेत. टाकलेल्या बाया हायेत. तुमी कोन्त्या?"

"मी लग्नाची. नवरा जिता हाये, दर बाजाराले येते."

"मंग तं कठीन हाये, बाई," तो म्हणाला, आणि खरोखर हळहळला. नवरा धडधाकट असणं हाच जणू माझा आजार, आणि त्यावर औषध नाही.

शाळेच्या ओट्यावरून मला बांबूच्या बैलबंड्या बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीकडे जाताना दिसायच्या. आमच्याच जंगलातला बांबू तिकडे जाणार, त्याचा कागद होणार, तो कागद सेक्रेटरीच्या टेबलावर येणार, आणि 'बांबू देता येत नाही' असं त्यावर लिहिलं जाणार. बैलांना हे ठाऊक असतं तर तेही वाटेत बसले असते.

यांनी पल्याडच्या कचेरीत विचारून पाहिलं. तिथला कारकून म्हणाला, बायकोची कमाई तिकडली, तर कर तिकडे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

मी हट्ट सोडला नाही. शेवटी सेक्रेटरीला माझी दया आली, आणि दया आलेल्या माणसाची मला तेव्हापासून धास्ती आहे. एका सकाळी चावडीवर कोतवाल नवी यादी वाचत होता. चावडी शाळेला लागूनच. आत मुली पाढे म्हणत होत्या, बाहेर तो खणखणीत आवाजात नावं घेत होता, आणि मध्येच माझं नाव घेऊन ओरडला, "...मास्तरीनबाई, नवऱ्यानं टाकलेली!"

पाढा थांबला. पहिल्या ओळीतल्या मुलीने अगदी काळजीने विचारलं, "बाई, तुमाले कोनं टाकलं जी?"

मी तशीच पंचायतीत गेले. सेक्रेटरी ओवाळून घ्यायला बसल्यासारखा हसत होता. "झालं नं काम? कर बसला. हे घ्या बांबूची चिठ्ठी."

"मले कोनं टाकलं, भाऊ?"

"बाई, शबूद तं हाये नुसता. दुसऱ्या कोन्त्या रकान्यात बसवू तुमाले?"

विहिरीवरच्या बायांचं म्हणणंही तेच. शब्दाने का अंगाला भोकं पडतात? छपराचं पाहा. चिठ्ठी मी घेतली. राग पोटात आणि चिठ्ठी ओच्यात. चार दिवसांनी बंडीभर बांबू आणि बल्ल्या शाळेमागे येऊन पडल्या. हिरवेगार, सरळ बांबू. मी त्यांवरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. लगोलग गडी लावून खड्डे खणले, बल्ल्या रोवल्या. रोहिणी लागल्या होत्या, थांबायला वेळ नव्हता.

मग पुढच्या बाजाराला डोंग्यातून यांच्याऐवजी सासूबाई उतरल्या. जन्मात कधी अल्याड न आलेली बाई! काठावरूनच आवाज, "काऊन व, माह्या पोरानं तुले कई टाकलं? आँ? कई टाकलं?"

मी म्हटलं, आत तर या.

"कायचं आत! पोरीचे बाप दारात येऊन राह्यले माह्या. सरकारी कागदावर हाये म्हन्ते, पयली टाकली. एकजन तं गाय देतो म्हन्ला सोबत!"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. करासाठी सीमा आडवी येत होती. बदनामीला मात्र डोंगाही लागला नाही. यादी इकडच्या सरकारची, आणि तिच्या जोरावर तिकडे माझ्या नवऱ्याची सोयरीक जमत होती, वर गाय. मी सासूबाईंना विचारलं, यांचं यावर काय म्हणणं? तर म्हणाल्या, "तो का बोलते? बोलाचं असतं तं तुह्यासंग लगन केलं असतं का त्यानं?"

मी पुन्हा सेक्रेटरीकडे. "तो शब्द खोडा."

"खोडतो नं. पन मंग बांबू वापस करा लागन, बाई. बल्ल्याई."

रोवलेल्या बल्ल्या उपटायच्या आणि पोरीला घेऊन कडब्यात राहायचं, नाहीतर जन्मभर टाकलेली म्हणून सुखाने छपराखाली निजायचं. असा तो न्याय. त्या रात्री मला सगळ्यांचा राग आला. सेक्रेटरीचा, पाटलाचा, दोन्ही सरकारांचा, आणि सगळ्यात जास्त यांचा. एवढं झालं तरी माणूस नदी ओलांडत नाही!

ओलांडली. बाजाराचा दिवस नव्हता. हे डोंग्यातून उतरले, शाळेच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चाल." मी पोरीला कडेवर घेतलं. पंचायतीसमोर ही गर्दी. फुकटचा तमाशा कोण सोडतो? पाटीलही खाट टाकून बसलेले. हे सरळ सेक्रेटरीपुढे गेले.

"इथी कोनाचं नाव लिवता?"

"घरधन्याचं."

"ते शाळेमांगं घर कोन बांधून राह्यलं?"

"बाई."

"मंग घरधनी तेच. तिचं लिवा. अन् तिच्या खाली घरात कोन कोन हाये ते लिवा. पोरगी. अन् मी."

सेक्रेटरीने टाक खाली ठेवला. "जिता नवरा बायकोच्या खाली? असा रकाना नाई, भाऊ."

"टाकलेलीचा हाये नं? तो खोडा, जागा होईन."

गर्दी खो खो हसली. पाटील म्हणाले, "काय गा, मोगलाईत मर्द उरले नाई का?" यांनी टाक उचलून सेक्रेटरीपुढे धरला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मी शेजारीच होते, मला दिसलं.

सेक्रेटरीने शेवटचा उपाय काढला. "कमावता गडी चढला तं कर वाढन."

"वाढू द्या," हे म्हणाले. "लावा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा मला त्या दिवशी आवडला. आधी नुसता होता.

नाव चढलं. शब्द खोडला गेला. बांबू राहिले, कूड उभा राहिला, छपरावर कवेलू चढले. पल्याड यांना सगळे 'मास्तरणीचा' म्हणू लागले, चुलतभाऊसुद्धा. मी विचारलं, लाज नाही वाटली? म्हणाले, "वाटली. पन बांबू वापस न्याची जास्त वाटली असती."

पुढे राज्यांची फेरजुळणी झाली. अल्याड-पल्याड दोन्ही मुंबई राज्यात गेलं, सीमा उठली. सेक्रेटरी आनंदाने सांगत आला, "बाई, घरधनी आता आपल्याच राज्यात आला. त्याचं नाव वर घेतलं, तुमचं खाली." पैसे मी भरायचे, पावती यांच्या नावाने. हे म्हणाले, "मले बढती भेटली." सरकारने सीमा उचलली खरी, नदी उचलायची राहून गेली. म्हातारी तिकडेच, शेती तिकडेच. हे पूर्वीसारखे बाजाराला येत राहिले.

नदी दोन्ही थड्या भरून वाहत असताना एका श्रावणात हे तापाने गेले. डोंगा बंद होता. मला कळलं ते पाणी उतरल्यावर, सगळं उरकून गेल्यावर. माझं शेवटचं बघणंसुद्धा झालं नाही. यावर मला थट्टा करता येत नाही. पुष्कळदा करून पाहिली.

महिन्याभराने सेक्रेटरी आपण होऊन दारात आला. मी किती खेटे घातले तेव्हा न हललेला माणूस, वही काखेत घेऊन माझ्या ओट्यावर टेकला. डोळे पुसले, आणि मग म्हणाला, "बाई, घरधनी म्हनून तुमचं नाव वर चढवलं जी. विधवेचा रकाना हाये. आता काईच अडचन नाई."

मी म्हटलं, "माह्या खाली पोरीचं लिवलं?"

"लिवलं."

"तिच्या खाली यांचं लिवा."

"बाई," तो हळूच म्हणाला, "गेलेल्या मानसाचं नाव कसं लिवू? कमावता गडी धरला तं कर वाढन उगाच."

"वाढू द्या," मी म्हटलं. "लावा."