डावा डोळा सोडून

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात एक फॉर्म आणायचा आणि तीन मोठी माणसं बोलवायची. बस! फॉर्म कोरा राहतो आणि किस्से मावत नाहीत. आमच्याकडे दोन महिन्यांत जेवढे साचले, तेवढे अख्ख्या वणीत नसतील. हसू आलं तर हसा. मला त्या वेळी एकावरही आलं नव्हतं.

आधी भानगड काय ते सांगते. माझी मोठी बहीण करुणा राळेगावकडे झेडपीच्या शाळेत शिकवते. एक दिवस फळ्यावर मारलेली सरळ रेघ तिला वाकडी दिसली. पुसली, पुन्हा मारली. पुन्हा वाकडी. तिसरीतली पोरं म्हणाली, "मॅडम, रेघ सरळच हाय."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या आत गाठ आहे. एक तर डोळा काढा, नाहीतर जर्मनीत खास किरणांनी अशी गाठ जाळतात, तिकडे जा. डोळा वाचायची आशा आहे, पण दोन महिन्यांच्या आत पोचा. उपचाराच्या पैशांची सोय बाबांनी केली. तो विषय नाही. विषय आहे इन्शुरन्स. तो असल्याशिवाय तिकडचा व्हिसा मिळत नाही. आणि परक्या देशात दुसरंच काही झालं, पाय मोडला, न्यूमोनिया झाला, तर आपल्याला विचारतंय कोण?

मी प्रज्ञा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून घरात मला मत नाही. पण ऑनलाइन फॉर्म मीच भरायचे!

*

सगळ्यात आधी आले मामा. मामा वीस वर्षांपासून विमा विकतात, तोही फक्त आयुष्याचा. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं तरी ते पॉलिसीच काढतात.

आल्या आल्या त्यांनी रंगीत पत्रक टेबलावर पसरलं. "अक्का, हे पाह्य. वीस वर्षं भराचं, मंग पोरीले एकदम मोठी रक्कम!"

आईनं ते ताईपुढे सरकवलं. ताई डावा डोळा झाकून ते पत्रक वाचत होती. पूर्ण वाचलं. मग म्हणाली, "मामा, डॉक्टरनं मले दोन महिने देल्ले. बाकीची एकोणीस वर्षं दहा महिने मी काय करू?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "तसं नाही, बाई. बोनस बी हाय त्याच्यात!"

*

मामा हरणाऱ्यातले नाहीत. दुसऱ्या खेपेला ते यवतमाळच्या मित्राकडून परदेश प्रवासाची खरीखुरी पॉलिसी घेऊन आले. स्वस्त. फॉर्म दोन पानांचा. डॉक्टरचा एकही कागद मागत नव्हते. मला तेव्हाच वास आला.

त्या दिवशी मोठे बाबाही आले होते. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. ऑफिस सुटलं, पण हाताखालचा माणूस लागतोच, म्हणून आम्ही.

"प्रवासाचं कारण" असा रकाना होता. मोठे बाबा म्हणाले, "पर्यटन लिही."

"आपण उपचाराले चाललो ना?"

"पोरी, पस्तीस वर्षं फॉर्म तपासले मी. खरं लिहिलं का माणूस अडकते."

मी त्यांच्यासमोर पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पान धरलं. उपचारासाठी निघालेल्या माणसाला ही पॉलिसी लागूच नव्हती. आणि व्हिसाच्या अर्जावर आम्ही उपचार लिहिलेलं, दवाखान्याचं पत्र जोडलेलं. म्हणजे ताई एकाच विमानात दोन कामांना निघाली होती! एका कागदावर फिरायला, दुसऱ्यावर डोळा वाचवायला. हे सापडलं असतं तर मोडलेल्या पायालाही कोणी हात लावला नसता.

"तिथं कोण पाहाले येते?" मोठे बाबा म्हणाले. "इचारलं तं किल्ले पाहाले आलो म्हणून सांगाचं. तिकडं लय किल्ले हायत."

ताई म्हणाली, "किल्ले पाहाले बी डोळा लागते, मोठे बाबा."

बाहेर चंद्रपूर रोडवरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांच्यामुळे खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बाबा मान खाली घालून नखांतली काळी रेघ कोरत होते. खाण सोडून वर्ष झालं तरी ती जात नाही.

मोठे बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग खरेदी लिही!"

*

मोठे बाबा दर पौर्णिमेला विहारात विज्ञानावर बोलतात. शुभ-अशुभ, नवस, अंगारे, कशाकशाला सोडत नाहीत. लहान होते तेव्हा मी पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा वाटायचा.

तर व्हिसासाठी पॉलिसीत काय काय पाहिजे त्याची यादी आली. त्यात एक होतं, "प्रवासात मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याची सोय." मी मोठ्यानं वाचलं. मोठे बाबांनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर अख्खा पंजा ठेवला.

"हे काढ."

"निघत नाही. ह्याच्याशिवाय व्हिसा नाही."

"पोरीच्या नावापुढं असं अशुभ लिहू नोको म्हणतो ना!"

"मोठे बाबा, गेल्या पौर्णिमेले तुम्हीच तं म्हणत होते..."

"ते भाषण होतं!"

ताईनं त्यांचा पंजा उचलून बाजूला ठेवला, अगदी वर्गातल्या पोराचा ठेवावा तसा. रकान्यात टिक केली. दोन सेकंद थांबली.

"मेली का मी? नाही ना? पुढचं वाच, प्रज्ञा."

*

नऊ दिवस मी फोन केले. 'उपचारासाठी' हा शब्द ऐकला की समोरचे लोक गोड आवाजात मला दुसरीकडे जोडून देत, आणि दुसरीकडचे पहिलीकडे. दहाव्या दिवशी एक कंपनी सापडली. उपचाराला जाणाऱ्यालाही पॉलिसी देतो, पण सगळे रिपोर्ट पाठवा म्हणाली. पाठवले. उत्तर आलं.

बाबांनी उभं राहून वाचलं. खाणीत शिफ्टच्या आधी सुरक्षेच्या सूचना वाचायचे, त्याच आवाजात. अपघात कव्हर, इतर आजार कव्हर, मुक्काम वाढला तर तोही कव्हर. आणि शेवटी, "डावा डोळा आणि त्यातून उद्भवणारी कोणतीही तक्रार वगळून."

बाबांनी ती ओळ परत वाचली. कागद खाली ठेवला.

"घ्या!" मामा म्हणाले. "उजवा तं हाय ना कव्हर!"

मी उठून पाणी प्यायला गेले. नसते गेले तर तांब्या मामांच्या डोक्यात बसला असता.

परत आले तेव्हा टेबलावर दोन्ही पॉलिसी होत्या. एक सगळं देते म्हणणारी, खोट्यावर उभी. दुसरी खरी, पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तो डोळाच सोडून. मामा, मोठे बाबा आणि बाबा, तिघांचं एकमत झालं. पहिलीच घ्यायची. आयुष्यात पहिल्यांदा या तिघांचं एकमत झालं, आणि तेही यावर!

ताई म्हणाली, "ज्यायनं डोळा वगळला, त्यायचीच घेऊ."

"काहून?" बाबा चिडले.

"त्यायनं निदान माहा डोळा पाह्यला तरी."

*

आता सोबत कोण जाणार? बाबा. हे कोणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. दोन पोरी एकट्या जर्मनीला? मोठे बाबांनी हा प्रश्न असा विचारला की जणू जर्मनी पांढरकवड्याच्या जंगलात आहे आणि वाटेत वाघ बसलाय.

पण बाबांच्या फॉर्ममध्येही आजारांची यादी होती. शुगर, बीपी, हृदय. शुगर आणि बीपी सगळ्यांना माहीत होतं, ते "कायले लिहिता" म्हणून मोठे बाबांनीच सोडायला लावलं. हृदयाचं मात्र फक्त आम्हा चौघांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांना नागपुरात स्टेंट टाकला. तेव्हा ताईसाठी स्थळं पाहणं सुरू होतं. घरात हार्टचा पेशंट म्हटलं तर लोक मागे सरतील, म्हणून नातेवाइकांना सांगितलं, कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलंय. छातीला पट्टा बांधून बाबांनी आयसीयूमधून फोनवर सांगितलं होतं, "जेवण चांगलं हाय इथलं." तेवढं करून स्थळही गेलंच!

मामा आणि मोठे बाबा गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, हे खरं लिहा. तिथं तुम्हाले काही झालं तं ताई एका डोळ्यावर पट्टी बांधून तुमच्यासाठी दवाखाने शोधत फिरन."

बाबा म्हणाले, "तू मले खरं शिकवू नोको. कॉलेज सोडून सहा महिने दर सोमवारी नागपूरची बस धरत होती ना तू? डबा घेऊन?"

ते खरं होतं. पण सबमिटचं बटण दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी येऊन दाबलं. "एवढंसं बटण तं होतं, बाई!"

*

आणि मग कंपनीचा फोन आला. दोन्ही प्रवाशांची तोंडी खातरी करायची होती, रेकॉर्डिंगवर. दुपारचे साडेबारा. फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला. बाबा ताठ बसले. मोठे बाबा त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले, कुठं मान हलवायची ते दाखवायला. मामा दाराशी. आई स्वयंपाकघरात.

पलीकडची मुलगी पुण्याकडची असावी. आधी ताईला विचारलं, "डावा डोळा वगळला आहे, हे मान्य असेल तर पूर्ण वाक्यात सांगा."

ताई म्हणाली, "माझा डावा डोळा या पॉलिसीत नाही, हे मला मान्य आहे." वर्गात प्रतिज्ञा म्हणावी तशी म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग बाबा.

"सर, मधुमेह?"

मोठे बाबांनी मान हलवली. "नाही," बाबा म्हणाले.

"रक्तदाब?"

"नाही."

"हृदयाचा काही त्रास? शस्त्रक्रिया? स्टेंट?"

मोठे बाबांची मान आपली सवयीनं हललीच. बाबांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आई बाहेर आली. एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्या तळहातावर गोळी. फोनच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "स्टेंटची गोळी."

दोन वर्षांत हा शब्द आईनं बाहेरच्या माणसासमोर उच्चारला नव्हता. आणि ती गोळी रात्री नऊची असते.

"सर?" फोनमधून आवाज आला. "रेकॉर्डिंग चालू आहे."

बाबा त्या गोळीकडे पाहत राहिले. मोठे बाबा बाबांकडे. "सुधाकर," ते हळूच म्हणाले, "तू तं ट्रेनिंगले गेलता ना रे?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "हाय, मॅडम. दोन वर्षं झाली. एक टाकला हाय. शुगर बी हाय. बीपी बी हाय."

"धन्यवाद सर. मग तुमची पॉलिसी हृदय वगळून देता येईल. मान्य असेल तर पूर्ण वाक्यात..."

"मान्य नाही," ताई म्हणाली. "मी डोळा सोडून आणि बाबा काळीज सोडून, असे दोघं आम्ही कुठंच जाणार नाही. मॅडम, दुसरा प्रवासी बदला. माही बहीण येईन. पासपोर्ट हाय तिच्याजवळ."

"ते?" बाबा म्हणाले. "तिच्यानं एक कॉलेज पुरं झालं नाही!"

"खोटा फॉर्म तिनंच तं अडवला होता, बाबा."

मामा दाराकडे पाहायला लागले. बाबांनी आईच्या हातातला गिलास घेतला आणि नुसतं पाणी प्याले. सगळं. गोळी आईनं परत मुठीत धरली.

"ठीक आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "नवीन प्रवाशाला फोन द्या. आजारांचे तेच प्रश्न विचारते."

मी हात पुढे केला. माझ्याआधी मोठे बाबांनी फोन उचलला. स्पीकर सुरूच होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो तोंडापाशी धरला.

"मॅडम, लिहून घ्या. वय एकाहत्तर. माह्यात दोन हायत. अकोल्याले टाकले. सात वर्षं झाली, घरी कोणाले माहीत नाही."

आईच्या मुठीतली गोळी खाली पडली. कोणी उचलली नाही.

"सर, तुम्ही प्रवासाला जाणार आहात का?"

"नाही, बाई," मोठे बाबा म्हणाले. "पण इतक्या वर्षांत असं सरळ कोणी इचारलंच नाही."