कोऱ्या पानावरचा अंगठा

रजिस्ट्रार साहेबानं माझा डावा हात मनगटाला धरला, वर केला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. बाजारात वांगं उचलून दाखवतात तसा.

"हाच ना रे तो अंगठा?"

"हां साहेब. दुसरा उजव्या हाताला हाय," मी बोललो.

खोली हसली. पाच माणसं होती, तीन पुरुष, दोन बाया. एसी चालू. चहा आलेला, बशीत काजूची बिस्किटं. टेबलाच्या त्या टोकाला एक पोरगी उभी होती. तिला कुणी बस बोललं नव्हतं. ती हसली नाय.

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी.

त्या हसण्याचं सांगतोय. मला सोताला चांगला दाखवायचा नाय. मी तेवढा चांगला नव्हतोच.

मी वॉचमन. विद्यापीठाचं नाव सांगत नाय. शहापूर आणि मुरबाडच्या मधी कुठंतरी हाय समजा. आधी तिथं माळ होता. माझा बाप तिथं गुरं चारायचा, मी पण चारली. मंग कुंपण आलं, इमारती आल्या, आणि मला खाकी मिळाली. बापानं गुरं राखली, आता मी पोरं राखतो, असं वाडीत कोण बोलायचं? मीच. दुसऱ्यानं बोलायच्या आधी आपण बोलून घ्यायचं, म्हणजे लागत नाय. ही माझी अक्कल.

शाळेत मी तीन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या खोकल्याची नक्कल केली. ते मागंच उभे होते. चौथ्या दिवशी मी माळावर. गुरांपुढं नक्कल केली तर मारत नाय कोण.

विद्यापीठात मला जोकर बोलायचे. पाहुणे आले की रजिस्ट्रार साहेब हाक मारायचे, "ए जोकर, तुमच्या वाडीची भाषा बोलून दाखव." मी दाखवायचो. माझी बायको घरी जे बोलते तेच. भात शिजलाय, ये जेवाया. गुरं आली काय. पाहुणे पोट धरून हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलं नाय. पण मी हसायचो. हसवणाऱ्याला कोण हाकलत नाय, असा माझा हिशेब.

आता वहीचं.

गेटवर केबिन हाय. तिच्यात एक लाल पुठ्ठ्याची जाड वही. रोज काय घडलं ते तिच्यात लिवायचं. चोरी, मारामारी, कुणी कुणाला छेडलं, साप निघाला, काय पण. खाली वॉचमननं सही करायची. आमी चौघं. तिघांना सही येते, मला अंगठा येतो. रोज शाईचं पॅड आणा, अंगठा पुसायला फडकं द्या, याचा हेडक्लार्क अण्णांना कंटाळा यायचा. त्यांनी तोड काढली. एक तारखेला मला खुर्चीत बसवायचं आणि महिन्याच्या सगळ्या पानांवर अंगठे घेऊन ठेवायचे. वर कोरं, खाली मी. रोजचं ते मागनं आपलं लिवत बसायचे.

मला ते लय बरं वाटायचं. बाकीच्या वॉचमनना सांगायचो, "तुमाला रोज सही. माझं महिन्याचं काम एक तारखेला खलास." तीसपर्यंत मोजायला मी त्या वहीवर शिकलो. फेब्रुवारीत चुकायचो.

त्या वहीच्या जोरावर कमानीवर मोठा बोर्ड लागला. सुरक्षित परिसर, एकही गुन्हा नाही. खाली माझा फोटो, सलाम ठोकताना. काय लिवलंय ते मला शिपायानं वाचून सांगितलं. त्या दिवशी मी माझ्याच फोटोला सलाम मारला. लोकं हसली. मला बरं वाटलं.

त्या साली अ‍ॅडमिशनला धसईकडची एक बाई आली, पोरीला घेऊन. बाई बाजारात भाजी विकते. घराण्यातली पहिलीच पोर एवढं शिकणारी. पोरगी आत फॉर्म भरत होती. बाई गेटवर माझ्यापाशी आली. तिला मी आपल्यातला दिसलो असेन.

"दादा, पोर इथं ठेवू ना?"

"बिनघोर ठेव बाय. वहीत एक गुन्हा नाय. तुला वाचता येतं?"

"नाय."

"मला पण नाय. पण माझा अंगठा हाय तिच्यावर."

बाईनं मला हात जोडले. पोरीला बोलली, "काय लागला तर या मामांना सांग गो."

ती मला मामा बोलायला लागली. तिचं नाव सांगत नाय. तिनं नको बोललंय.

दुपारची गोष्ट. तीन वाजले असतील. कँटीनच्या मागं मी झाडूवाल्या बायांना रजिस्ट्रार साहेबांची चाल करून दाखवत होतो, पोट पुढं, हात मागं. तेवढ्यात जनरेटरच्या खोलीकडनं ओरडणं आलं. मामा, असं. मी धावलो. धावताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी तोंडावर पडलो. बाया हसल्या. त्यांना वाटलं, हा पण खेळच. माझ्या पडण्यावर कुणी विश्वास ठेवत नाय, ही माझी कमाई.

उठलो. खोलीच्या मागं एक पोरगा होता. मोठ्या वर्गातला, संस्थेतल्या एका बड्या माणसाचा मुलगा. त्यानं तिला भिंतीला दाबली होती. एक हात तिच्या तोंडावर. दुसरा कुठं ते तिनं पोलिसांत सांगितलंय, मी इथं सांगत नाय. तिची ओढणी खाली, डिझेलच्या डागात. मी शिट्टी फुंकली. दम नव्हता, पण वाजली. त्यानं सोडली. पळाला नाय. शर्ट नीट केला आणि माझ्याजवळनं गेला.

"जोकर, तू काय बघितलं नाय."

मी तिला हॉस्टेलच्या बाईकडं सोडली आणि तसाच, एक चप्पल घालून, अण्णांकडं गेलो. सगळं सांगितलं. कोण, कुठं, काय. अण्णांनी वही उघडली, पेन काढलं.

"नाव घालायचंच का त्या पोराचं?"

"घाला अण्णा."

"बरं." पेन चाललं. मी बघितलं, चाललं. "जा तू. अंगठा आहेच तुझा."

मी छाती काढून बाहेर आलो. पोरीला जाऊन सांगितलं, "घाबरू नको गो. वहीत आलंय."

आठ दिवसांनी समिती बसली. पोरीनं तक्रार दिली होती. तो पोरगा खुर्चीत, पायावर पाय टाकून. ती उभी. मला साक्षीला बोलावलं. रजिस्ट्रार साहेबांनी वही उघडली आणि त्या दिवसाचं पान वाचलं.

"दिवसभर परिसरात शांतता. कोणतीही घटना नाही. वॉचमन यांनी तशी खात्री दिली."

मंग त्यांनी माझा हात धरला. पुढचं तुमाला सांगितलंय.

हसणं थांबल्यावर पोरगी बोलली, "मामा, तुमी बोललात ना, वहीत आलंय?"

मी बिस्किटांकडं बघत होतो. मला सांगायचं होतं की मी बघितलंय, मी शिट्टी मारली, अण्णांनी माझ्यासमोर पेन चालवलं. तोंडापर्यंत आलं. पण अंगठा माझा. पान पण त्याच तारखेचं. मी भ्यायलो. आणि भ्यायलो की मी काय करतो, तर दात काढतो. लहानपणापासनं. परत हसलो.

"वॉचमननं काही पाहिलेलं नाही," साहेब बोलले, आणि एका बाईनं ते लिवून घेतलं.

मी 'नाय' बोललो नव्हतो. 'हो' पण बोललो नव्हतो. मी हसलो होतो, आणि त्यांनी ते लिवून घेतलं.

पोरीला पत्र मिळालं. खोटी तक्रार, संस्थेची बदनामी, हॉस्टेल खाली करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग ओढत गेटवर आली. मी गेट उघडलं. आणि सवयीनं, आईशप्पथ सवयीनं, सलाम मारला.

ती माझ्याकडं बघत राहिली. वर बोर्डावर पण मी सलाम मारत होतो. एक वर, एक खाली. ती गेली.

घरी मी अंगठा घासत बसलो. राख लावली, लिंबू लावलं. बायको भाकरी थापत होती.

"काय झाला?"

सांगितला. तिनं तवा उतरवला.

"किती घासशील? शाई बोटावर कुठं हाय? ती वहीत हाय."

मी बोललो, "मंग वही घासू?" हसलो. ती हसली नाय. पंचवीस वर्षं माझ्या फालतू जोकवर हसणारी एकच बाई. त्या दिवशी तिनं भाकरी पुढं ठेवली आणि पाठ केली.

बाजाराच्या दिवशी मी एसटीनं धसईला गेलो. कशाला गेलो सांगता यायचं नाय. बाई दुधी आणि कारली मांडून बसली होती. पोरगी मागं, गिऱ्हाईकाला तोलून देत होती. मी उभा राहिलो. बाईनं ओळखला.

"तुमी हसलात म्हणं."

एवढंच. शिवी दिली असती तर मी काहीतरी चुरचुरीत बोललो असतो. मला शिव्यांची सवय हाय. हे वेगळं होतं. लोकं भाजी घेत होती, बाई पैसे घेत होती, आणि मी त्यांच्या वाटेत उभा.

पोरगी तराजू खाली ठेवून पुढं आली. "मी शहापूरला पोलिसांत जाणार हाय. बघणारा माणूस लागतो. मामा, तुमी येणार का हसणार?"

"येतो," मी बोललो. "एक तारीख होऊ दे. गेटवर माझं एक काम हाय."

एक तारखेला अण्णांनी वही उघडली. पॅड ठेवलं. फडकं ठेवलं. दुसरे तीन वॉचमन पाळी बदलायला उभे.

"चल रे, उरक."

"अण्णा, आधी लिवा."

"काय लिवा?"

"आज काय घडलं ते. मंग मोठ्यानं वाचा. मंग अंगठा. उद्याचा उद्या."

अण्णा हसले. तिघं पण हसायला लागले, त्यांना वाटलं मी नक्कल करतोय. मी कुणाची केलीच नाय. थांबलो. हळूहळू हसणं उतरलं, जसं दूध उतरतं. एवढा वेळ मी आयुष्यात कधी न हसता उभा नव्हतो. गाल दुखायला लागले.

"तुला वाचून दाखवू? तुला कळणार आहे?"

"ऐकायला येतं मला. आणि ते मागचं पान बदला. त्या पोरीच्या दिवसाचं. मी सांगितलं ते घाला."

अण्णांनी माझा हात धरला. तोच, मनगटाला, तसाच. पॅडकडं ओढला. मी मूठ आवळली, अंगठा आत. गुरं बांधलेला हात हाय माझा, म्हशीनं पण सोडवला नाय कधी. अण्णांना सुटेना. पॅड उलटलं, टेबलावर शाई. ते घामानं डबडबले. शेवटी सोडला.

"उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं कशाला, अण्णा. आजच घ्या." मी टोपी, पट्टा, शिट्टी टेबलावर ठेवली. शाईतच ठेवली.

तिघांतल्या एकानं त्या दिवशी सही करताना विचारलं, "अण्णा, वर काय लिवलंय?" मला नंतर कळलं. एकानंच. बाकीच्यांनी केली. मी त्यांना नावं ठेवत नाय. मी तर कोऱ्यावर करत होतो.

शहापूरला ठाण्यात आमी तिघं गेलो. पोरगी, तिची आई, मी. पोरीचं झाल्यावर मॅडमनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते चपलेचं पण सांगितलं. मंग बोललो, "मॅडम, अजून एक लिवा. समितीत मी हसलो."

"ते कशाला?"

"ते त्यांच्याकडं लिवलेलं हाय, वेगळं. तुमच्याकडं खरं लिवा. मी भ्यायलो म्हणून हसलो. मला काय दिसलं नव्हतं म्हणून नाय."

मॅडमनी लिवलं. मी बोललो, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. एका जागी 'दुपारी' लिवायचं राहिलं होतं, ते घालायला लावलं. मंग मी डावा अंगठा पुढं केला. सकाळी साबणानं धुऊन आणला होता, नवऱ्या मुलासारखा.

मॅडम बोलल्या, "अंगठा नको काका. साक्षीदाराच्या जबाबावर लागत नाही. केस उभी राहिली की कोर्टात यावं लागेल. तिथं तोंडानं सांगायचं."

अंगठा तसाच हवेत राहिला. मी खिशात घातला.

आता त्या बड्या माणसाकडनं निरोप येतात. एकदा गोड, एकदा कडू. परवा एक जण वाडीवर आला, बोलला, "तुला कोर्टात उभा करतील, वकील असे प्रश्न विचारतील की सगळं कोर्ट हसेल तुला. अंगठाबहाद्दर, जोकर, पोरीच्या साक्षीला."

हसेल. मला माहीत हाय. वही पण काढतील, माझा अंगठा पण दाखवतील. मी सांगणार, हां, माझाच, कोऱ्यावर लावला होता, मी गाढव होतो. तेवढं आधी मीच सांगणार. मंग जनरेटरची खोली सांगणार, भिंत सांगणार, ओढणी सांगणार, त्या पोराचं नाव बापाच्या नावासकट सांगणार. कोर्ट हसलं तर हसून होऊ देणार. थांबणार. पुन्हा पहिल्यापासनं सांगणार.

समितीच्या खोलीत माझं तोंड फुकट गेलं. कोर्टात मी दात काढणार नाय.