भिजवलेला चुना

रविवारी दुपारी अकोल्याहून पाळकसाहेबांचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत उपासनेहून नुकतीच घरी आले होते. "ताई, शमुवेलसर आज चर्चला आले नाहीत, म्हणून घरी पाहायला गेलो..." एवढं बोलून ते थांबले. पुढचं सांगायची गरजही नव्हती. माझा थोरला भाऊ जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत, खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होता. जवळ कोणी नव्हतं. हे मला अजूनही फार लागतं.

एके काळी याच माणसाभोवतीची गर्दी हटत नसे. अमरावतीत दादाचा क्लास म्हणजे मोठं प्रस्थ. चौकाचौकात त्याच्या फोटोचे फलक, निकालाच्या दिवशी पेढे, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा. आम्हालाही तो थाट आवडायचा, खोटं कशाला बोलू? चाचणीत मागे पडलेल्याला तो सगळ्या वर्गापुढे उभं करायचा आणि दप्तर उचलून खालच्या बॅचला जायला लावायचा. तिवशाच्या एका मुलीला त्यानं असंच पाठवलं. त्याच आठवड्यात तिनं जीव दिला. दादा तिच्या घरी गेला. तिच्या आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं... तिनं प्यायला पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, तिले तुमचा लय धाक होता."

दादानं क्लास बंद केला. वहिनी भांड भांड भांडली. "पोलीस काही म्हणत नाहीत, तिचे मायबाप म्हणत नाहीत, मंग तुमीच काहून फाशी घेऊन राहिले?" तो अकोल्याला निघाला तेव्हा ती सोबत गेली नाही. आमच्या आईबाबांच्या कबरी तिथल्या कब्रस्तानात आहेत. इस्टरच्या आधी आमच्यात घरच्यांच्या कबरींना चुना देतात. दादानं आधी आईबाबांच्या कबरींना दिला, मग शेजारच्या एका कबरीला, जिला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. पुढे अशा सगळ्याच बेवारस कबरी त्यानं आपल्या मानल्या. सायकलला चुन्याचा डबा अडकवून मोर्णा नदीच्या पुलावरून जायचा. चुन्यानं बोटं फुटलेली असायची. लोक म्हणायचे, सरांचं डोकं फिरलं. वहिनी म्हणायची, रुसून बसले आहेत.

नाताळात मी त्याच्याकडे गेले, तीच शेवटची भेट. मला राहवलं नाही. "एवढं नाव कमावलं होतं दादा, आता हे... समाधान हाये का तुले?"

"हाये ना वं."

"मंग त्या पोरीची गोष्ट निघाली की डोळे काहून भरतात?"

"समाधान हाये म्हनलं मी. दुःख गेलं असं कोनं सांगतलं तुले?" मग म्हणाला, "प्रभूनं मले पदरात घेतलं, माह्यासारख्याले. आता कोनाच्या पुढे जायचं नाही, कोनाले मागं टाकायचं नाही." मला त्याचा राग आला. वाटलं, हा माझी समजूत काढतोय. आतून पार खचलाय आणि त्याला समाधान म्हणतोय.

इस्टरच्या आदल्या दिवशी खोल्या आवरायला निघाले, तर वहिनी आपणहून गाडीत येऊन बसली. त्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. दाराआड एक पिंप होतं, वर फळी. फळी काढली, तर आत चुना भिजत घातलेला. आधीपासून मुरवला की पोपडे येत नाहीत, असं दादा सांगायचा. वहिनी त्या पिंपाकडे नुसती पाहत राहिली. मग तिनंच डबा भरला आणि आम्ही कब्रस्तानात गेलो.

दादाची कबर अजून ओल्या मातीचा ढीग होती, तिला चुना कुठे द्यायचा? वहिनी तिच्यापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि शेजारच्या, नाव पुसलेल्या कबरीपुढे बसली. अख्खी रांग आम्ही दोघींनी केली. मान वर न करताच तिनं विचारलं, "सुनंदाताई, थे खरंच सुखात होते काय वं इथं?"

"होते, वहिनी," मी म्हणाले. "खचलेला माणूस येणाऱ्या इस्टरचा चुना कशाले भिजवून ठेवीन?"

ती रडली, तिथेच, हातात ब्रश घेऊन. मीही रडले. संध्याकाळी खोलीला कुलूप लावण्याआधी ती परत आत गेली. पिंपात उरलेला चुना सुकू नये म्हणून तिनं त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि वर फळी ठेवली.