तन्वीच्या काळजातली गाठ आणि आमच्या डॉक्टरबाई

डॉ. वसुधाबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यानेच झाली. मी कोरगावची, नुकतीच नर्स झालेली. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात पहिल्याच दिवशी एका रडणाऱ्या मुलाला मी "गप रव" म्हणून दटावलं. बाईंनी मला बाजूला नेऊन विचारलं, "सुई तुका टोचली की तेका?" त्यानंतर मी कुणा मुलाला दटावलेलं नाही.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या पदव्या, त्यांचं शिक्षण यांवर मोठी मंडळी लिहितीलच. मी आपली माझ्या एका घोडचुकीबद्दल लिहिते, कारण बाई काय आहेत ते मला तेव्हा खरं कळलं.

डिचोलीची सात वर्षांची तन्वी रक्ताच्या कॅन्सरवर आमच्याकडे उपचार घेत होती. औषधं देण्यासाठी तिच्या छातीतून हृदयापर्यंत एक बारीक नळी बसवलेली. ती दर आठवड्याला औषधाच्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर टोकाशी रक्त साकळू शकतं. चवथीला आम्ही तिला घरी सोडलं. गावातली नर्स घरी जाऊन नळी धुणार होती. तर तिच्या आईचा मला फोन. "सिस्टर, घरात गणपती आसा. सासू म्हणता, अकरा दिवस घरात सुई-रगत नको. मागीर केला तर चलात?" माझे हात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठात! मी म्हटलं, "चलात गो, साताच्या जागी अकरा, चार दिवसांनी काय होता?"

विसर्जनानंतर तन्वी धापा टाकत परत आली. सोनोग्राफीत हृदयाच्या उजव्या कप्प्यात, नळीच्या टोकाशी, भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, बीएवढी रक्ताची गाठ दिसली.

नळी ओढून काढावी, तर गाठ सुटून फुप्फुसात अडकायची. छाती उघडावी, तर एवढ्या अशक्त पोरीला ते झेपायचं नाही. रक्त पातळ करावं, तर केमोमुळे प्लेटलेट आधीच कमी, रक्तस्रावाची भीती. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून बाईंनी ठरवलं, नळीला हात लावायचा नाही. रोज दोनदा कातडीखाली रक्त पातळ करणारं इंजेक्शन, तेही प्लेटलेट बघून, मोजूनमापून.

मी फोनची हकीकत सांगितली आणि ढसाढसा रडले. "चुकलंस," बाई म्हणाल्या. "पण नुसता तेच्यानच झाला असा नाय. नळी, औषधां, दुखणा, सगळ्यांनी मिळान झाला. आता रडा नको, रिपोर्ट आण." तन्वीच्या आजीला तर त्यांनी बोलही लावला नाही. हात धरून म्हणाल्या, "आजी, पोरीच्या औषधाक गणपती कसो रागावतलो?" म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली.

पुढे इंजेक्शन घरी द्यायचं होतं. आई मागे सरली, "माका जमाचा नाय, बाय." बाईंनी नुसतं सलाईन भरलेली सुई तिच्या हातात दिली आणि स्वतःचा दंड पुढे केला. तीनदा टोचून घेतलं! चौथी सुई तिने एका दमात नीट टोचली.

दर सोनोग्राफीला माझा जीव टांगणीला. गाठ आधी थांबली, मग झिजू लागली आणि तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी झाली. त्यानंतरच बाईंनी नळी काढायला लावली. तेव्हापासून दरवर्षी चवथीआधी आम्ही दोघी घरी गेलेल्या मुलांच्या आयांना नळी धुवायची आठवण करायला फोन करतो, आणि चवथीच्या सकाळी बाई स्वतःच्या घरच्या पूजेआधी वॉर्डात हजर असतात.

तन्वी आता अकरा वर्षांची आहे. परवा तपासणीला आली तेव्हा तिला हा लेख वाचून दाखवला. शेवटी 'बाईंना शंभर वर्षांचं आयुष्य लाभो' असं लिहिलं होतं. तिने मला थांबवलं, बोटांवर हिशेब केला आणि चक्क रागावली.

"शंभर नको गो मावशी! बाय शंभराची होतली तेव्हा मी एकावन्नाचीच. मागीर माजा काळीज कोण बघतला?"

मी 'शंभर' खोडलं. बाई, प्रकृती सांभाळा, आणि तन्वीला हवी तितकी वर्षं जगा.