रुळावरचं कुंकू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोटरीला तार भरत होतो. वहिनींना "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली तार भरून मगच उठलो. आता दीड महिना झाला. भेटणारे विचारतात, धक्का बसला असेल... खरं सांगायचं तर पहिलं मनात आलं ते हेच, की आता रविवारी ते मला प्रश्न विचारणार नाहीत.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आदिलाबादेत एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे, अर्धं गाव त्यांना अजून तेलुगू वळणाने 'सार' म्हणतं. उत्तर सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. पोराला फळ्यापाशी उभं करायचं आणि त्याच्या तोंडून उत्तर येईपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. मी त्यांच्याच वर्गात होतो. एकदा मला असंच उभं केलं. शाळा सुटली, शिपाई खिडक्या लावून गेला, तरी आम्ही दोघं तिथेच. शेवटी माझी चड्डी ओली झाली तेव्हा म्हणाले, "जाय घरी." उत्तर सांगितलं नाहीच, दुसऱ्या दिवशी वर्गाला चड्डीची गोष्ट मात्र सांगितली. पुढे मी दहावीत अडकलो आणि मोटरी भरायला लागलो. लोकांशी ओळख करून देताना ते म्हणायचे, "हा आमचा वसंता. याचे हात चालतात."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीने त्यांना विजेवर चालणारी छोटी आगगाडी पाठवली. आदिलाबादेला लागून असलेल्या मावला गावातल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, मोठी फळी टाकून दादांनी रूळ मांडले, लाकडी खेळण्यांच्या निर्मल गावाहून लाकडी माणसं आणून स्टेशनात उभी केली. वर्गात कधी न हसलेला हा माणूस त्या इंजिनाकडे बघून हसायचा. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला वहिनींनी स्कूटरबरोबर गाडीचीही पूजा केली, तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं चाकांना आणि रुळांना भरपूर लावली. पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत, ते आपोआप जाईपर्यंत राहू देतात. दोन दिवसांनी दादांनी बटण दाबलं तर इंजिनाचा दिवा लागेना, इंजिन जागचं हलेना.

त्यांनी मला बोलावलं. शेजारची चार माणसं बसली होती. मला बघताक्षणी कळलं. असल्या गाडीला वीज रुळांतून चाकांत मिळते आणि मध्ये तेलकुंकवाचा थर बसला होता. स्पिरिटचं फडकं फिरवलं की झालं असतं. मी सांगणारच होतो, तेवढ्यात दादा शेजाऱ्यांना म्हणाले, "जरा थांबा. याले येळ लागते. लहानपणी उभं करून ठेवलं तं भलतंच झालं होतं." सगळे हसले. मी इंजिन खाली ठेवलं आणि म्हणालो, "मोटर गेली, दादा."

मग मी वर्षभर मजा पाहिली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ते केसाएवढ्या तारा चाचपत बसलेले असायचे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, "काऊन चालून नाई राह्यलं रे?" मी म्हणायचो, "मोटरच, दादा." आनंद व्हायचा, लपवत नाही. पुढे त्यांची उजवी बाजू गेली. शेवटचं भेटलो तेव्हा खाट फळीशेजारीच होती आणि खुर्चीत मी होतो. वाकड्या तोंडाने त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हणालो, "मोटर."

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा ते, भाऊजी. तुमालेच समजते त्यातलं." इंजिनाच्या खोक्यात शाळेची वही होती. दादांनी काय काय तपासलं ते सगळं त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं. अडॅप्टर ठीक. जोड ठीक. मोटर बाहेर काढून थेट तारेवर लावली, चालली. हे संक्रांतीच्या आठवड्यातलं. खाली लिहिलं होतं, 'रुळावर तेल आहे. वसंताला माहीत आहे. त्याच्या तोंडून येऊ दे.' त्याखाली दर रविवारचा एकच शब्द, 'मोटर'. पानं भरली होती... शेवटचे काही 'मोटर' डाव्या हाताने लिहिलेले, लहान पोराच्या अक्षरासारखे.

वहिनींना मी सगळं सांगितलं. मी फडक्यावर स्पिरिट घेतलं, पण हात पुढे जाईना. रुळावरचं कुंकू वाळून काळपट झालं होतं, तरी होतं. वहिनी समोर उभ्या होत्या, कपाळ मोकळं.

"पुसा ना," त्या म्हणाल्या. "माह्यं पुसतानी कोणाचा हात नाई थांबला."

मी रूळ पुसले, चाकं पुसली. बटण दाबताच दिवा लागला आणि इंजिन लाकडी माणसांसमोरून निघालं.

फळी मी आणली नाही. दर रविवारी, फोनच्या वेळेला, मावल्याला जाऊन बटण दाबतो. गाडी सुटली की रिकाम्या खाटेकडे बघून म्हणतो, "रुळावर तेल होतं, दादा." वहिनी स्वयंपाकघरात असतात. त्यांना ऐकू जातं, पण त्या बाहेर येत नाहीत.